नाबोथचा द्राक्षमळा आणि घोड नदीचे पाणी

अहाब राजाने नाबोथला देऊ केलेला भाव कमी नव्हता, हे आपण बहुधा विसरतो. 'राजे' ह्या पहिल्या ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात ती गोष्ट आहे. राजवाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाल्याची बाग करायची होती. त्याने नाबोथला निवड दिली: ह्याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आजच्या भाषेत सांगायचे तर जमिनीला जमीन किंवा जमिनीला मोबदला. तरीही नाबोथ नाही म्हणाला. ही वाडवडिलांची ठेव आहे, ती सोडून देण्याची परमेश्वर मला मोकळीक देत नाही, एवढेच त्याचे कारण. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथला दगडमार करून ठार केले आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला. एलिया संदेष्टा त्याला तिथेच गाठतो.

ह्या गोष्टीवर प्रवचने होतात ती बहुधा राणीच्या कपटावर. ते योग्यच आहे. पण कपटाच्या आधीही एक प्रश्न उभा राहतो. नाबोथला पुरेपूर किंमत मिळत होती, मग त्याचे बिघडत काय होते? जमीन म्हणजे केवळ पोट भरण्याचे साधन असेल, तर नाबोथ हट्टी ठरतो. जमीन म्हणजे आपल्या पूर्वजांशी, शेजाऱ्यांशी आणि देवाशी बांधलेले नाते असेल, तर राजाची रास्त किंमतसुद्धा अपुरी ठरते. ह्या दोनपैकी आपण काय मानतो, ह्यावर आदिवासी बांधवांकडे पाहण्याची आपली सारी दृष्टी अवलंबून आहे. आणि तो प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही. आपल्या शिरूरलाच लोक घोडनदी म्हणतात. त्या नदीच्या उगमाकडे गेलो की हा प्रश्न समोर येतो.

घोड नदी आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्याजवळ आहुप्याच्या बाजूला उगम पावते. तिच्यावर डिंभे येथे धरण आहे. हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव त्या जलाशयाला दिले आहे, कारण १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी मालाच्या ट्रकखाली प्राण देणारा तो तरुण ह्याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा. धरणाचे पाणी उजव्या कालव्याने आणि नदीने आंबेगाव-शिरूरच्या रानांना मिळते. ऊस, कांदा, भाजीपाला त्यावर पिकतो. आपल्या बाजारात ती भाजी येते आणि आपल्या ताटात पडते. त्याच पाण्याखाली महादेव कोळी व इतर आदिवासींच्या खोऱ्यातल्या भातजमिनी गेल्या. डोंगरउतारावरची हलकी जमीन मागे राहिली, तळची कसदार खाचरे बुडाली. कुणी खाली लाभक्षेत्राकडे गेले, पण पुष्कळ कुटुंबे वरच, डोंगराला धरून राहिली.

धरण नको होते असे म्हणणे आपल्या तोंडी शोभणार नाही. दुष्काळी पट्ट्याला पाण्याने जीव दिला आहे आणि आपणही त्या पाण्याचे वाटेकरी आहोत. म्हणूनच आपल्यापुढचा प्रश्न धरणाच्या बाजूचा की विरोधातला, असा नाही. ज्यांचे गेले त्यांच्याशी, ज्यांना मिळाले त्यांचे नाते काय असावे, हा तो प्रश्न आहे. ह्या प्रश्नाला आपण सहसा एकच उत्तर देतो: मदत करावी. कपडे द्यावेत, धान्य द्यावे, वह्या-पुस्तके वाटावीत. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, असे आम्हाला वाटते.

मिलानचे बिशप संत अ‍ॅम्ब्रोज ह्यांनी चौथ्या शतकात नाबोथच्या गोष्टीवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यातला एक विचार पोप सहावे पॉल ह्यांनी १९६७ साली आपल्या परिपत्रकात पुन्हा पुढे आणला. श्रीमंत माणूस गरिबाला देतो ते स्वतःचे देत नाही, त्याचेच त्याला परत करतो, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी बोलताना बजावले की, न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये. आपल्या गावाकडच्या भाषेत, देणे फेडताना उपकार दाखवू नयेत. डिंभ्याच्या पाण्यावर पिकलेले खाणाऱ्याने तिथल्या आदिवासीला काही दिले, तर त्याला दान म्हणण्याआधी थोडे थांबावे.

मग द्यावे कसे? ह्याचे उत्तर तिथल्याच लोकांनी दिले आहे. त्यांच्याकडे 'पडकई' नावाची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात अनेक कुटुंबे एकत्र येतात आणि पाळीपाळीने एकमेकांच्या उतारावर राबतात. कुदळ-फावड्याने उतार खोदायचा, दगडाची ताल रचायची, माती भरून सपाटी करायची. पावसाळ्यात त्यात पाणी थांबते आणि जिथे दोन-चार वर्षे नाचणी-वरई घेऊन माती वाहून जायची, तिथे भाताचे खाचर उभे राहते. मजुरी कोणी कोणाला देत नाही. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर ह्यांच्या 'शाश्वत' संस्थेने डिंभ्याच्या परिसरात काम सुरू केले तेव्हा ह्या रीतीलाच बळ दिले. पडकईला शासनाच्या योजनेत जागा मिळावी म्हणून लोकांबरोबर पाठपुरावा केला. पुढे शासनाचा 'पडकई विकास कार्यक्रम' आला. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन धरणग्रस्तांना कसायला मिळावी, म्हणून धडपड झाली. ज्या पाण्याने जमीन घेतली त्याच पाण्यात मासेमारी करण्यासाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या साहाय्याने जलाशयात पिंजरे लावून मत्स्यबीज वाढवण्याची विद्या ते शिकले. ह्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' मिळाले.

ह्यात शिकण्यासारखे काय आहे? पैसा लागलाच. जाळी, होड्या, अवजारे, बैठका, कचेरीच्या खेपा, ह्या सगळ्याला पैसा लागतो. पण पैसा मागून आला. आधी लोकांचा निर्णय होता, लोकांची रीत होती, लोकांचे श्रम होते. बाहेरून आलेल्यांनी, तुम्ही शेती सोडा आणि आम्ही सांगतो तो धंदा करा, असे म्हटले नाही. तुम्ही जे जाणता ते पुढे न्यायला काय कमी पडते, असे विचारले. मदत आणि मालकी ह्यांच्यामधली रेघ इथे आहे.

ही रेघ ओलांडली गेली की काय होते, हे आपल्या ख्रिस्तसभेनेही फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. कॅनडात तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारने निवासी शाळा काढल्या. त्यातल्या अनेक शाळा कॅथलिक संस्थांनी चालवल्या. शिक्षण ही देणगीच होती, निदान देणाऱ्यांना तसे वाटत होते. पण मुलांना आईबापांपासून तोडले गेले, त्यांची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली, कित्येकांवर अत्याचार झाले, कित्येक मुले घरी परतलीच नाहीत. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे गेले आणि त्यांनी त्या लोकांच्या भूमीवर उभे राहून क्षमा मागितली. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने, नव्याने 'शोधलेल्या' भूमीवर ख्रिस्ती राजांचा हक्क सांगणारी जुनी विचारसरणी उघडपणे नाकारली. देणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणजे देणे चांगलेच होते, असे नाही. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल, तर ती देणगी राहत नाही, ती सक्ती होते. नाबोथला नाही म्हणता आले होते. त्या नकाराचा मान राखला नाही, हाच अहाबाचा पहिला गुन्हा.

महाराष्ट्र शासनाच्या एका योजनेच्या नावात ह्या दृष्टीने फार चांगला शब्द आहे: 'अबंध निधी'. पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला तो अधिकार देतो. आपल्या जिल्ह्यातील आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग ह्या क्षेत्रात येतो. २०१५ साली शासनाने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के रक्कम अशा गावांना थेट देण्याचे ठरवले. कशावर खर्च करायचा हे ठरावीक विषयांच्या चौकटीत ग्रामसभेने ठरवायचे. सगळीकडे हे नीट चालते असा दावा कोणी करणार नाही. पण त्यामागची कल्पना सुवार्तेच्या जवळची आहे. अबंध म्हणजे बांधून न ठेवणारे. प्रभूची कृपा आपल्याला अशीच मिळाली आहे. त्याने आधी दिले, अटी लिहून घेतल्या नाहीत.

इथे कोणी रास्त शंका काढील. पैसा द्यायचा आणि विचारायचे काहीच नाही, हा भाबडेपणा नव्हे का? मध्येच कोणी खाल्ला तर? ही शंका टाळण्यासारखी नाही. आदिवासींच्या नावावर आलेला पैसा आदिवासींपर्यंत न पोहोचल्याची उदाहरणे आपण सर्वांनी ऐकली आहेत. पण हिशेब आणि हुकूम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब मागावा, हुकूम करू नये. पैसा कुठे गेला हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला आहे, आणि त्याहून जास्त तो त्या गावातल्या प्रत्येक म्हातारीला आहे. ग्रामसभेत सर्वांसमोर हिशेब वाचला गेला, तर तो लांबच्या कचेरीतल्या फायलीपेक्षा खरा असतो. पण तो पैसा कशासाठी हवा हे आपण इथे बसून ठरवू लागलो, की आपण अहाबाच्या बाजूला सरकलो.

जुन्या करारात ह्याचा एक सुंदर नमुना आहे. लेवीय ग्रंथात परमेश्वर सांगतो की, पिकाची कापणी करताना शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. मालकाने कापून, पोत्यात भरून, रांगेत उभे करून वाटावे असे तिथे म्हटलेले नाही. गरिबाने स्वतः यावे, स्वतःच्या हाताने वेचावे, आपल्या गतीने, मान ताठ ठेवून. रूथ बवाजाच्या शेतात आली तेव्हा त्याने आपल्या गड्यांना सांगितले की, पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम टाकत चला आणि तिला बोलू नका. देणारा मागे राहिला, वेचणारी पुढे राहिली. पुढे तिच्याच वंशात दावीद जन्मला आणि त्याच वंशात आपला प्रभू.

हक्क मिळाला की देणगीची गरज कशी कमी होते, हे गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने दाखवले आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या साथीने तिथली ग्रामसभा वर्षानुवर्षे घडत गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगल तेच होते, बांबू तोच होता. बदलला तो एक कागद. गावाने स्वतः बांबू विकला आणि पैसा गावाच्या कोषात आला. म्हणून लहान देणग्यांचा सर्वांत चांगला उपयोग बहुधा असा कागद मिळवण्यासाठी होतो: दाव्याचा नकाशा काढणे, जुने पुरावे गोळा करणे, तालुक्याच्या खेपा, वकिलाचा सल्ला. साड्या वाटल्याचा फोटो निघतो, दाव्याच्या फायलीचा निघत नाही. पण साडी फाटते आणि सातबारा टिकतो.

उपजीविकेइतकीच परंपराही महत्त्वाची आहे, आणि इथे आपल्यापैकी काही जण अडखळतात. भीमाशंकर-आहुप्याकडे देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेले हे जंगल, तिथले झाड तोडायचे नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. शेकरू अशा दाट झाडीत राहते. त्याच रानातला हिरडा वेचून कुटुंबाच्या हाती पैसा येतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या हिरड्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठी लोकांना लढावे लागले. देवराईचा देव आपला नाही, मग आपण काय करायचे, असे कोणी विचारतो. धर्मसभेचे उत्तर स्पष्ट आहे. १९६५ च्या परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करायला शिकवले. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी डिसेंबर २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात सांगितले की, प्रेमसेवा ही धर्मांतराचे साधन म्हणून वापरायची नाही, कारण प्रेम फुकट असते. २०१५ च्या 'लाउदातो सी' मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी लिहिले की, मूलनिवासींसाठी भूमी ही बाजारातली वस्तू नसून देवाची आणि तिथे विसावलेल्या पूर्वजांची देणगी आहे. नाबोथनेही हेच सांगितले होते. आपण त्याला पवित्र शास्त्रात वाचतो तेव्हा तो आपल्याला पटतो. तो आहुप्याच्या डोंगरात भेटला तर त्याला अडाणी म्हणू नये.

अशा लोकांबरोबर उभे राहण्याची किंमत कधी फार मोठी असते. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ह्यांनी झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी आयुष्य वेचले. आपल्याच तालुक्यातल्या कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर जो खटला झाला, त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले होते. खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आपल्याकडून प्रभू एवढे मागत नाही. पण निदान ज्यांच्यासाठी ते जगले, त्यांच्याविषयी उदासीन राहू नये, एवढे तरी मागत असेल.

आता आपल्या घराकडे येऊ. कारेगावात आपल्यापैकी पुष्कळ जण बाहेरचे. नगर, बीड, जालना इकडून रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलो, कोणी कायम झाले, कोणी अजून ठेक्यावरच आहेत. खोलीभाडे, मुलांची फी, गावाकडे पाठवायचे पैसे ह्यांत महिना संपतो. आपणच गरीब, आपण कोणाला काय देणार, हा विचार मनात येतो. पण जमिनीशी असलेले नाते तुटणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आपल्यापैकी कित्येकांच्या आजा-पणजांनी हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन कसली. ती त्यांची होती आणि नव्हतीही, कारण तिच्याबदल्यात साऱ्या गावाची वेठ करावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या वतनाविरुद्ध विधेयक मांडले, आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. उपकार म्हणून मिळालेली जमीन आणि हक्काची जमीन ह्यांतला फरक आपल्या घराण्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आणि आदिवासी काही फक्त आंबेगावच्या डोंगरातच नाहीत. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ठाकर, भिल्ल, पारधी बांधवांच्या वस्त्या आहेत. पारध्यांवर १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातला शिक्का अजून पुसला गेलेला नाही. अशा वस्तीत कित्येकदा घराखालची जागा नावावर नसते, जातीचा दाखला नसतो, त्यामुळे शाळेतली सवलतही मिळत नाही. दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो, आणि भटकत राहिलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

आपल्या देणगीला आज आणखी एक अर्थ आला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशातून पैसा घेणारी मोठी संस्था तो दुसऱ्या लहान संस्थेला देऊ शकत नाही. खेड्यातल्या छोट्या मंडळांचे हे एक दार बंद झाले. म्हणजे ज्यांच्याकडे मोठा फलक नाही, इंग्रजीतला अहवाल नाही, त्यांच्यासाठी आता जवळच्या माणसांचे शंभर-दोनशे रुपयेच उरले. विधवेच्या दोन नाण्यांचे मोल प्रभूने उगीच सांगितले नाही.

तेव्हा पुढल्या प्रार्थनासभेत आपण तीन गोष्टींवर बोलावे, असे आम्ही सुचवतो. आपल्या जवळची वस्ती कोणती आणि तिथल्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? त्यांना काय हवे हे आपण कधी विचारले का, की आपणच ठरवले? आणि पैशाखेरीज आपण काय देऊ शकतो? आपल्यात अर्ज लिहिता येणारे आहेत, तहसील कचेरीत जाऊन आलेले आहेत, संगणकावर नोंदणी करून देणारी मुले-मुली आहेत. एक दिवसाची सुट्टी काढून दाखल्याच्या रांगेत कोणाबरोबर उभे राहणे, ही आपल्यासारख्या कामगाराची पडकई आहे. आज मी तुझ्याकडे. उद्या तू माझ्याकडे येशील की नाही, ह्याचा हिशेब प्रभूवर सोडावा.

जो परमेश्वर, भूमी माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे आलेले पाहुणे आहात, असे लेवीय ग्रंथात सांगतो, तो आपल्याला देताना हात मोकळा ठेवण्याची आणि मान खाली ठेवण्याची बुद्धी देवो.